मुचलिंदाची टेकडी

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये २०२३ च्या जुलैत ‘ट्री अँड सर्पंट’ नावाचे प्रदर्शन उघडले. इसवी सनापूर्वी दोनशे वर्षे ते इसवी सन चारशे या काळातली भारतीय बौद्ध शिल्पे त्यात मांडली होती. अमरावती, भारहूत ही नावे अशा ठिकाणी असणारच. त्यांच्याच रांगेत वालुकाश्माचा एक कोरीव खांब उभा होता आणि त्याच्या नोंदीत मूळ ठिकाण म्हणून लिहिले होते: जगन्नाथ टेकडी, पवनी, जिल्हा भंडारा, महाराष्ट्र.

हा खांब दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा. त्या प्रदर्शनाच्या निमित्ताने त्याची छायाचित्रे सगळीकडे फिरली आणि माझ्यापर्यंतही आली. त्यावर कोरलेला पाच फण्यांचा नाग मी कितीतरी वेळ पाहत बसलो. आमच्या नागपूरपासून ऐंशीएक किलोमीटरवरच्या गावातला हा दगड सातासमुद्रापार जातो, तिथले लोक त्याच्यासमोर उभे राहतात, आणि तो ज्या टेकडीतून निघाला तिथे मात्र आपल्यापैकी फार थोडे जण गेलेले असतात. तेव्हाच ठरवले की ती टेकडी पाहायची, आणि पाहायची ती भर पावसाळ्यात. पावसाळाच का, हे ओघात येईलच.

नागपुरातून उमरेड रस्त्याने निघालो. सोबत एक शिक्षक-मित्र होता, मूळचा पवनीचा. उमरेडला तर्री-पोहे खाल्ले, कोळशाच्या खाणींचा भाग मागे टाकला आणि मिरचीसाठी प्रसिद्ध असलेले भिवापूर आले. भिवापुरानंतर रस्ता पवनीकडे वळतो आणि मुलूखच बदलतो. इथून पुढे धानाचा प्रदेश. जुलै संपत आला होता आणि रोवणी अगदी रंगात होती. बांध्यांमध्ये घोटाभर पाणी, त्यात ओणव्या झालेल्या बायांची रांग, डोक्यावर मेणकापडाच्या खोळी, धुऱ्यावर पऱ्ह्यांच्या जुड्या. मध्येच कुणी गाणे उचलायची आणि अख्खी रांग ते पुढे न्यायची. पाऊस थांबत नव्हता आणि त्यासाठी कुणी थांबतही नव्हते.

उजव्या-डाव्या हाताला जंगल सुरू होते ते उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचे. नागझिऱ्याहून चालत इथे आलेल्या आणि २०१६ मध्ये दिसेनासा झालेल्या ‘जय’ वाघामुळे हे नाव देशभर गेले. आजही पवनी म्हटले की पुण्या-मुंबईचा माणूस विचारतो, ‘म्हणजे सफारीचं गेट ना?’ वाघाने पवनीला पर्यटक दिले याचा मला आनंदच आहे. पण गेटवर जिप्सीची वाट पाहत थांबणाऱ्या त्या माणसाला कुणीतरी सांगायला हवे की जवळच एक जागा आहे, जिचा व्यास सांचीच्या महास्तूपाहून मोठा आहे.

पवनीत शिरताना आधी भेटतो तो तट. गावाच्या तीन बाजूंना मातीचा भक्कम तट आणि त्याबाहेर खंदक, चौथ्या बाजूला वैनगंगा. हा तट मुळात फार जुना. नंतरच्या काळात त्यावर दगडी बांधकाम चढले, बुरूज आले, भोसल्यांची सत्ता आली. तटाच्या दरवाजाला लोक आता जवाहर गेट म्हणतात. त्याच्याखालून आजही दुचाकी, बैलगाड्या, शाळेची पोरे जात असतात. वापरात असलेला दरवाजा पाहिला की मला बरे वाटते. कुलूप लावून जपलेल्या दरवाजापेक्षा तो जास्त जिवंत असतो.

गावात देवळे किती, याचे उत्तर पवनीचा प्रत्येक माणूस वेगळे देतो. ‘विदर्भाची काशी’ हे बिरुद मात्र सगळे एकमुखाने सांगतात. वैनगंगेवरचा वैजेश्वर घाट, अरुंद गल्ल्यांमधली माडीची घरे, आणि विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक असलेला इथला सर्वतोभद्र गणेश. एकाच दगडी स्तंभावर वेगवेगळ्या दिशांना तोंड केलेला हा गणपती मूर्तिकारांच्या ठरीव साच्यात बसत नाही, म्हणून तो मला फार आवडतो. इथल्या कोष्ट्यांनी विणलेले रेशीमकाठी तलम सुती कापड एके काळी दूरदूर जायचे. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरनेही त्याची दखल घेतली आहे. माग आता थोडे राहिले. मित्राने एका घराकडे बोट दाखवून सांगितले, ‘लहानपणी इथून जाताना खटखट ऐकू यायची.’ आम्ही थांबलो, पण आत फक्त टीव्ही चालू होता.

गावातली ही वस्ती कमीत कमी अडीच हजार वर्षांची. पण पवनीचे सगळ्यात जुने वैभव वाड्यांत किंवा घाटांवर सापडत नाही. ते तटाबाहेरच्या टेकड्यांमध्ये आहे.

जगन्नाथ टेकडी लांबून पाहिली तर मन थोडे खट्टू होते. टेकडी म्हणावी इतकीही ती उंच नाही. झाडझाडोरा वाढलेला उंचवटा, जवळ बालसमुद्र नावाचा तलाव, पलीकडे शेते. पावसाने पायवाटेचा चिखल केला होता. चप्पल हातात घेऊन वर चढलो. अर्ध्या चढावर पायाखाली काही टणक लागले, म्हणून खाली वाकून पाहिले. वीट होती. पावसाने वरची माती धुऊन नेल्यामुळे तिची कड उघडी पडली होती. तळहात टेकवला तर पुरला नाही, एवढी ती लांबरुंद. तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी, आणि तिघींच्या कडा एका रेषेत. ती रेषा किंचित वळत होती. वळण इतके सावकाश होते की मागे सरकून पाहिल्यावरच लक्षात आले. एका प्रचंड वर्तुळाचा तो एवढासा तुकडा होता.

त्या वर्तुळाचा व्यास ३८ मीटरच्या आसपास. सांचीच्या महास्तूपाचा साधारण साडेछत्तीस. हे आकडे पुस्तकात वाचले होते, पण त्यांचा अर्थ त्या विटांच्या कडेने चालू लागल्यावर कळला. चालतच राहायचे आणि वळण संपत नाही. भिक्षू आणि उपासक याच कडेने प्रदक्षिणा घालत असतील, उजवा हात स्तूपाकडे ठेवून.

टेकडीवर शेळ्या चरत होत्या आणि त्यांच्यामागे छत्री घेतलेले एक म्हातारे बाबाजी. आमचे वाकणे त्यांनी लांबून पाहिले असावे.

‘इटा पायता का जी?’ त्यांनी विचारले.

‘हो बाबाजी. किती जुन्या असतील?’

‘बुद्धाच्या काळच्या म्हनते. खोदत होते तवा मी लहान होतो. लय लोक येत होते पाहाले.’

मित्राने विचारले, इथे नाग दिसतो का? म्हातारे हसले. ‘दिसते ना जी. पान्याचे दिवस आहेत. आपन त्याले काही केलं नाही त तोही आपल्याले काही करत नाही.’ आणि शेळ्या हाकत ते तलावाच्या बाजूला उतरले.

मग मी फोनवर त्या खांबाचे छायाचित्र काढले आणि पाऊस लागू नये म्हणून छत्रीखाली धरले.

आता तो खांब नीट पाहू. स्तूपाभोवती दगडी कठडा असतो, त्याला वेदिका म्हणतात. उभे खांब म्हणजे स्तंभ, त्यांना जोडणारे आडवे दगड म्हणजे सूची, आणि सगळ्यांच्या वरून फिरणारा दगडी माथा म्हणजे उष्णीष. ही सारी रचना मुळात सुतारकामाची. लाकडी खांबाला खाच पाडून त्यात आडवे दांडे बसवावेत, तसेच पाथरवटांनी दगडात केले. म्हणून अशा प्रत्येक स्तंभाच्या बाजूला डोळ्याच्या आकाराच्या खाचा दिसतात. शिल्प समोरच्या अंगावर, खाचा कडेच्या. त्यामुळे आज संग्रहालयात एकटा उभा असलेला खांबही मुळात एका साखळीतली कडी होता, हे त्याच्या कडेकडे पाहिल्यावर लगेच कळते.

पवनीच्या या स्तंभावर झाडाखाली एक आसन आहे. आसन रिकामे आहे. त्याच्या मागून पाच फण्यांचा नाग वर आला आहे आणि त्याने आसनावर छत्र धरले आहे. बाजूला हात जोडलेले उपासक. आणि त्या नागाचे नाव ब्राह्मी अक्षरांत तिथेच कोरलेले आहे: मुचलिंद. त्या काळी बुद्धाची मूर्ती घडवत नसत. बुद्ध दाखवायचा तो धर्मचक्राने, बोधिवृक्षाने, स्तूपाने, पावलांनी किंवा अशा रिकाम्या आसनाने. पाहणाऱ्याने तिथे त्याला मनाने बसवायचे. मला ही रीत पुढच्या शतकांतल्या अत्यंत सुंदर मूर्तींपेक्षाही मोठी वाटते. तीत शिल्पकार पाहणाऱ्यावर विश्वास टाकतो.

मुचलिंदाची कथा अशी. बोधिप्राप्तीनंतर गौतम बुद्ध तलावाकाठी ध्यानस्थ बसलेले असताना अवकाळी वादळ उठले. सात दिवस पाऊस आणि गार वारा. तेव्हा त्या तलावातला नागराज मुचलिंद बाहेर आला, त्याने आपल्या वेटोळ्यांनी बुद्धांचे शरीर वेढले आणि डोक्यावर फणा धरला. सात दिवसांनी आकाश निवळले, तेव्हा वेटोळी सोडून तरुणाच्या रूपात त्याने हात जोडले.

पाऊस, तलाव, नाग. यासाठीच मला पावसाळ्यात यायचे होते. टेकडीवर उभे राहिले की खाली बालसमुद्राचे पाणी, वर भरून आलेले आकाश, आणि कानात आत्ताच त्या बाबाजींनी सांगितलेली सापाची गोष्ट. दिल्लीच्या दालनात किंवा न्यूयॉर्कच्या काचेआड, मोजून सोडलेल्या उजेडात हे शिल्प कलाकृती म्हणून उत्तम दिसत असेल. इथे ते माहीत असलेल्या जगाचे चित्र होते. भंडारा हा तलावांचाच जिल्हा. शेकडो वर्षांपूर्वी कोहळी समाजाच्या कसबी माणसांनी या प्रदेशात तलाव बांधले, मालगुजारांच्या काळात ते वाढले. आजही सरकारी दप्तरात त्यांना माजी मालगुजारी म्हणजे ‘मामा’ तलाव म्हणतात, आणि लहान तलावाला गावकरी बोडी म्हणतात. पाण्यावर जगणाऱ्या, धान रोवणाऱ्या, सापाला मारायचे नाही असे मानणाऱ्या लोकांसाठी तो खांब घडवला गेला. बुद्धांना पावसापासून वाचवणारा नाग त्यांना समजावून सांगावा लागला नसेल.

बोलता बोलता मित्राने एक गोष्ट काढली, आणि तिथून पुढचा वेळ आम्ही तिच्याच नादात होतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात त्यांनी नागपूरच का निवडले हे सांगितले: भारतात बौद्ध धर्माचा प्रसार नाग लोकांनी केला, आणि ही भूमी त्या नागांची. त्या वेळी पवनीची टेकडी अजून उघडलेली नव्हती. दीक्षेनंतर तेरा वर्षांनी इथे कुदळ पडली आणि नागराजाचे नाव कोरलेला दगड बाहेर आला. इतिहासाचे पुरावे भाषणाच्या सोयीने निघत नसतात आणि नाग म्हणजे नेमके कोण यावर विद्वानांचे वाद आहेत. पण भंडारा-नागपूरच्या हजारो कुटुंबांना या टेकडीवर येऊन काय वाटत असेल, ते मला त्या संध्याकाळी कळले. मित्राचे आजोबा दीक्षाभूमीवर हजर होते. तो विटांच्या रांगेशी उभा राहिला आणि त्याने हात जोडले. त्याने काही बोलण्याची गरज नव्हती.

उत्खनन झाले ते १९६९-७० च्या हंगामात. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून ते केले. नेतृत्व दोघांचे, डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी. देवांनी त्याच सुमारास नागपूरभोवतालच्या टाकळघाट-खापा, माहुरझरी इथली महापाषाणकालीन शिळावर्तुळे खोदून विदर्भाच्या लोहयुगाचा नकाशाच बदलला. जोशी हे कच्छातले धोलावीरा उजेडात आणणारे, पुढे पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले. अशी दोन माणसे एका टेकडीवर एकत्र आली, हे पवनीचे भाग्य. त्यांचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. जगन्नाथ टेकडीबरोबर चांदकापूरच्या टेकडीतही विटांचा मोठा स्तूप निघाला. स्तूप एकदाच बांधून झालेला नव्हता. मौर्यकाळाच्या आसपास विटांचा मूळ घुमट, मग त्याची वाढ, त्याभोवती प्रदक्षिणापथ, आणि सातवाहनांच्या आरंभकाळाच्या सुमारास कोरीव दगडी वेदिका, अशी ती पिढ्यान् पिढ्या चाललेली बांधणी होती. वेदिकेच्या दगडांवर ब्राह्मीत दात्यांची नावे आहेत. कुणी एक खांब दिला, कुणी एक सूची. राजाच्या एका हुकमाने उभे राहिलेले हे काम नाही. लोकांनी दगडदगड जमवून ते उभे केले. आजही आपल्या गावांत देवळाच्या पायरीवर नाव घालून फरशी देणारी माणसे असतात. त्या सवयीचे मूळ किती खोल आहे!

पुढे १९९४ मध्ये अमरेंद्र नाथ यांनी इथे पुन्हा उत्खनन केले. त्यांनीच त्याआधी कुही तालुक्यातल्या अडम इथे खोदकाम केले होते आणि तिथे ‘असकजनपदस’ अशी अक्षरे असलेली मुद्रा मिळाली होती. म्हणजे बौद्ध ग्रंथांतल्या सोळा महाजनपदांपैकी अश्मकाचे नाव थेट विदर्भाच्या मातीत. पवनीच्या दक्षिणेला चंद्रपूर जिल्ह्यात देवटेक आहे. तिथल्या शिळेवर इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातली, प्राण्यांना पकडू-मारू नये अशी आज्ञा आहे, आणि त्याच शिळेवर नंतर वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याचा लेख आहे. खुद्द पवनीत सापडलेल्या लेखांवरून भार कुळातला भगदत्त राजा कळतो, आणि रूपिअम्म नावाच्या महाक्षत्रपाच्या स्मरणार्थ उभा केलेला छायास्तंभही कळतो. दुसऱ्या प्रवरसेनाचा ताम्रपटही इथलाच. क्षत्रपाचा स्तंभ वैनगंगेच्या काठी कसा आला, हा प्रश्न अभ्यासकांना अजून खुणावतो. एवढे निश्चित की हे आडबाजूचे गाव नव्हते. नदीचा उतार, सुपीक काळी-पिवळी माती, उत्तरेकडून दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे जाणाऱ्या वाटा, यांच्या बळावर इथे श्रीमंत नगर होते, आणि त्या नगराने आपल्या तटाबाहेर स्तूप बांधले.

टेकडीवरून उतरून घाटावर गेलो. वैनगंगा गढूळ, लाल, दोन्ही थड्या भरून वाहत होती. मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावून ती इथवर येते, पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीत जाते. ढिवरांचे डोंगे काठाला बांधलेले. एक जण जाळे दुरुस्त करत होता. नदीबद्दल विचारले तर त्याने आधी धरणाचेच नाव घेतले. पवनीच्या वर गोसीखुर्दला इंदिरा सागर धरण आहे. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. तेहतीस दारांचे हे धरण बांधायला पिढी गेली आणि त्याच्या पाण्याखाली गावे गेली. त्या गावांतली माणसे अजूनही आपल्या जुन्या गावाचे नाव आधी सांगतात, नव्या वसाहतीचे नंतर. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला महापूर आला, तेव्हा भंडारा आणि पवनीच्या वस्त्यांत पाणी शिरले. ‘दारं किती उघडली ते आमाले आवाजावरून समजते,’ ढिवर म्हणाला. मुचलिंदाची कथा ज्या काठावर कोरली गेली, तिथे पावसाचे भय अजून पुरते गेलेले नाही.

परतताना पवनीजवळच रुयाडच्या महासमाधीभूमीला थांबलो. तिथे नव्या काळातला भव्य स्तूप आहे. जपानी बौद्धांच्या सहकार्याने तो उभा राहिला आणि दरवर्षी फेब्रुवारीत तिथे धम्ममहोत्सव भरतो, तेव्हा पवनीचे रस्ते माणसांनी फुलून जातात. दोन हजार वर्षांपूर्वीचा विटांचा स्तूप आणि आजचा हा स्तूप एकाच तालुक्यात थोड्या अंतरावर आहेत. जुन्याकडे जाणारी माणसे थोडी, नव्याकडे जाणारी पुष्कळ. मला त्यात तक्रार करण्यासारखे काही दिसत नाही. फक्त जो रुयाडला येतो त्याने जगन्नाथ टेकडीलाही यावे, असे फार वाटते.

ज्या साली पवनीचे उत्खनन सुरू झाले, त्याच १९६९ मध्ये जपानमधल्या हाकोने इथे डोंगरउतारावर एक खुले शिल्पसंग्रहालय उघडले. निसर्गात शिल्प ठेवावे, माणसाने त्याच्याभोवती चालावे, पाऊस आणि धुके यांच्यासकट ते पाहावे, ही त्यामागची कल्पना. आज लोक लांबून तिकिटे काढून तिथे जातात. पवनीला अशी जागा नव्याने घडवण्याची गरज नव्हती. टेकडी, तलाव, नदी, तट आणि शिल्पे, सगळे मुळातच एकत्र होते. शिल्पे उचलली गेली ती संरक्षणासाठी, आणि तेव्हा ते योग्यच होते. भारहूतचे काय झाले ते पुरातत्त्वातल्या माणसांना ठाऊक होते. १८७३ मध्ये पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम तिथे पोहोचला तोवर स्तूपाच्या विटा आसपासच्या घरांत गेल्या होत्या आणि उरलेली वेदिका कलकत्त्याला हलवावी लागली. पण सारनाथचे उदाहरणही आपल्यासमोर आहे. तिथे १९१० मध्ये उत्खननाच्या शेजारीच संग्रहालय उभारले गेले आणि अशोकाचे सिंहशीर्ष आजही तिथेच आहे. स्तूप पाहून माणूस चार पावले चालतो आणि त्याच मातीतून निघालेला सिंह पाहतो.

पवनीलाही हेच मिळायला हवे. मूळ दगड दिल्लीहून परत येतील की नाही हा अधिकाऱ्यांचा आणि कायद्याचा विषय. पण निदान मुचलिंद-स्तंभाची आणि वेदिकेच्या इतर कोरीव दगडांची उत्तम प्रतिकृती टेकडीच्या पायथ्याशी उभी करता येईल. स्तूपाचे वर्तुळ चालता येईल अशी प्रदक्षिणेची वाट, दात्यांच्या ब्राह्मी नावांचे मराठी वाचन, आणि कथा सांगणारा एक साधा फलक. यासाठी मोठा निधी लागत नाही. लागते ती इच्छा, आणि स्थानिक शाळांचा सहभाग. पवनीच्या नववी-दहावीच्या पोरांना ब्राह्मी लिपी शिकवली तर ती शनिवार-रविवार आपल्या टेकडीचे वाटाडे होतील. सफारीच्या गेटवर ज्यांना काम मिळते, त्यांच्याइतकाच हाही रोजगार आहे.

तोवर तुम्ही मात्र थांबू नका. नागपूरहून उमरेड-भिवापूरमार्गे किंवा भंडाऱ्याहून अड्याळमार्गे पवनीला एसटी मिळते. जमल्यास जुलै-ऑगस्टमध्ये या. फोनमध्ये त्या खांबाचे छायाचित्र घेऊन या आणि ते जगन्नाथ टेकडीवर उभे राहून पाहा. विटांवर पाय देऊ नका, एकही वीट खिशात घालू नका, आणि खाली उतरल्यावर पवनीतल्या एखाद्या मुलाला विचारा की या टेकडीत काय सापडले. त्याला माहीत नसेल तर तुम्ही सांगा.